स्वित्झर्लंडला त्यांच्या घरी हरवूनही भारत पहिल्या दहात का नाही? सांघिक टेनिसमधील क्रमवारीविषयी

कोल्हापूर-सांगली भागातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये भारताने डेव्हिस करंडक या देशांच्या पुरुष सांघिक स्पर्धेत स्वित्झर्लंडला त्यांच्याच बील या गावी 3-1 असे हरवले, त्याआधी फेब्रुवारीत दिल्लीत टोगोला 4-0 असे लोळवले, तरीही देशांच्या क्रमवारीत भारत पहिल्या दहाच्या जवळपासही का पोहोचला नाही? देशाची क्रमवारी म्हणजे त्याच्या खेळाडूंच्या क्रमांकांची सरासरी असते का? तसे असेल तर दुहेरीत जगात पहिला आलेला खेळाडू असूनही भारत युनायटेड करंडकात का दिसत नाही? आणि शेवटी, त्यांच्या भागातील आठ क्लबांची सांघिक स्पर्धा त्यांना सुरू करायची आहे, तिच्यासाठी यातली कोणती पद्धत उचलावी?

प्रश्न चार दिसत असले तरी अडचण एकच आहे. सांघिक टेनिसमध्ये तीन निरनिराळी गणिते एकाच वेळी चालू असतात आणि आपण तिघांनाही ‘रँकिंग’ म्हणतो. पहिले गणित देशाचे, दुसरे खेळाडूचे आणि तिसरे साखळी गटातल्या तक्त्याचे. तिघांचे काम वेगळे आहे आणि एकाचे उत्तर दुसऱ्याकडून मिळत नाही. त्यात मराठीतला एक घोळ भर घालतो. आपली वृत्तपत्रे ‘जागतिक मानांकन’ असे लिहितात तेव्हा त्यांना बहुधा क्रमवारी म्हणायची असते, आणि ‘अग्रमानांकित’ लिहितात तेव्हा त्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या मांडणीत, दिलेले पहिले स्थान. मी या उत्तरात क्रमवारी हा शब्द गुणांच्या यादीसाठी आणि मानांकन हा शब्द ड्रॉमधील स्थानासाठीच वापरणार आहे. तसेच दोन देशांमध्ये होते ती लढत, आणि लढतीच्या आत होतात ते एकेरी-दुहेरीचे सामने.

मी गेली 22 वर्षे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून काम करते. ड्रॉ काढणे, मानांकने ठरवणे आणि साखळी गटाचा हिशेब तपासून त्यावर सही करणे हे माझे रोजचे काम आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्या टेबलाच्या बाजूने दिसणारे चित्र आहे. एक गोष्ट आधीच सांगते: डेव्हिस करंडकाची रचना 2019 पासून अनेकदा बदलली आहे, त्यामुळे कोणत्याही मोसमाचा बारीक तपशील त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहूनच खरा मानावा. तत्त्वे मात्र बरीच टिकून आहेत आणि तुमच्या प्रश्नाला ती पुरेशी आहेत.

देशांच्या क्रमवारीपासून सुरुवात करू. ही सरासरी नाही. तिच्यात एकाही खेळाडूचा वैयक्तिक क्रमांक मोजला जात नाही. देशाने गेल्या चार वर्षांत जिंकलेल्या लढतींचे गुण तिच्यात मोजतात. एका विजयाचे किती गुण, हे लढत कोणत्या पातळीवर झाली आणि हरलेला देश क्रमवारीत कुठे होता यावर ठरते. परदेशात जाऊन जिंकल्यास वरून वाढीव गुण मिळतात. हरल्याबद्दल काही मिळत नाही, पण आधीचे काही कापलेही जात नाही. विजय 4-0 असा होता की 3-2 असा, यालाही किंमत नाही. म्हणजे टोगोला 4-0 हरवल्याचे जे गुण मिळाले, तेच 3-2 असा निसटता विजय मिळाला असता तरी मिळाले असते.

दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे हे गुण जुने होतात तसे झिजतात. चालू वर्षातले गुण पूर्ण धरतात, त्याआधीच्या वर्षाचे 75 टक्के, त्यामागचे 50 टक्के, त्याहीमागचे 25 टक्के आणि मग शून्य. आकडे माझ्या मनाचे घेऊन हिशेब करून पाहू. समजा, एका देशाने चार वर्षे दरवर्षी 400 गुणांचा विजय मिळवला. त्याची बेरीज 400, 300, 200 आणि 100 अशी मिळून 1000 होते. दुसऱ्या देशाने तीन वर्षांपूर्वी एकाच मोसमात सलग जिंकत 1600 गुण मिळवले आणि नंतर एकही लढत जिंकली नाही. दोघांची मूळ कमाई 1600 च आहे, पण दुसऱ्याच्या नावावर आज 400 च उरले आहेत आणि पुढच्या वर्षी तेही जातील. भारत 1966, 1974 आणि 1987 अशा तीन वेळा डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. आपल्या मनात त्याची जागा मोठी आहे आणि असायलाच हवी, पण क्रमवारीच्या पाटीवर त्यातले काहीही शिल्लक नाही.

आता सप्टेंबर 2025 मधली भारताची पाटी मांडून पाहा, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. मार्च 2022 मध्ये दिल्लीत डेन्मार्कवर 4-0 असा विजय, तो आता पाव किमतीचा. सप्टेंबर 2023 मध्ये लखनौला मोरोक्कोवर 4-1, तो निम्म्या किमतीचा आणि त्यातही दुसऱ्या जागतिक गटातला, म्हणजे पात्रता फेरीखालच्या पहिल्या जागतिक गटाच्याही एक पायरी खालचा, कारण त्या वर्षी आपण त्या गटात घसरलो होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये इस्लामाबादला पाकिस्तानवर 4-0, तो पाऊण किमतीचा. फेब्रुवारी 2025 चा टोगोवरचा आणि सप्टेंबरमधला स्वित्झर्लंडवरचा, हे दोन पूर्ण किमतीचे. मधल्या काळात नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन यांच्याविरुद्ध त्यांच्या घरी आपण हरलो, त्या लढतींच्या रकान्यात काहीच नाही. म्हणजे एकूण पाच विजय. त्यातले तीन प्ले-ऑफमधले, म्हणजे पहिल्या जागतिक गटात टिकण्यासाठी किंवा तिथे चढण्यासाठी खेळायच्या लढतींतले, एक दुसऱ्या जागतिक गटातला आणि फक्त एक असा, की ज्यात पातळीही वरची, प्रतिस्पर्धीही वरचा आणि मैदानही परके. इटलीने 2023 आणि 2024 मध्ये करंडकच जिंकला होता, 2025 मध्येही तोच जिंकला. तसे देश एकेका मोसमात अंतिम टप्प्यातल्या अनेक लढतींचे गुण घरी नेतात. बीलचा एक विजय कितीही देखणा असला, तरी एकट्याने तो हे अंतर भरून काढू शकत नाही.

मग एवढ्या खटपटीने ही क्रमवारी ठेवतात कशासाठी? उत्तर ऐकून काही जणांची निराशा होते: मुख्यतः ड्रॉमध्ये मानांकन देण्यासाठी. वरच्या पातळीवर जायचे की खाली यायचे हे क्रमवारी ठरवत नाही, लढतीचा निकाल ठरवतो. क्रमवारी फक्त एवढेच ठरवते की चिठ्ठ्या काढताना तुमचे नाव कोणत्या भांड्यात पडेल. एका भांड्यात मानांकित देश, दुसऱ्यात बिगरमानांकित, आणि दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून जोड्या लावायच्या. स्वीडनकडून हरल्यामुळे भारताला 2025 च्या सुरुवातीला प्ले-ऑफ खेळावा लागला. तिथे तो मानांकितांमध्ये होता, म्हणून समोर खालच्या गटातून वर येऊ पाहणारा टोगो आला. ती लढत जिंकून तो पुन्हा पहिल्या जागतिक गटात आला. तिथे मात्र तो बिगरमानांकितांमध्ये होता, म्हणून समोर स्वित्झर्लंड आला. तोच देश, तेच वर्ष, तोच संघ. भांडे बदलले, प्रतिस्पर्धी बदलला. आणि स्वित्झर्लंडला हरवण्याचे खरे बक्षीस क्रमवारीतल्या दोन-चार पायऱ्या हे नव्हते, तर 2026 च्या पात्रता फेरीतले स्थान हे होते. त्या स्थानासाठी क्रमवारीकडे कोणी पाहिले नाही.

परक्या मैदानावरील विजयाला वाढीव गुण का, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्या पद्धतीत मला स्वतःला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग हाच आहे. डेव्हिस करंडकाच्या घरच्या-परक्या लढतींमध्ये यजमान देश गाव निवडतो, सभागृह की मोकळे मैदान हे निवडतो आणि कोर्टचा पृष्ठभागही निवडतो. हा फायदा किती मोठा असतो याचे उदाहरण आपल्याच इतिहासात शेजारी-शेजारी पडले आहे. मार्च 2022 मध्ये दिल्ली जिमखान्याच्या हिरवळीवर भारताने डेन्मार्कला 4-0 असे हरवले. चेंडू खाली राहत होता आणि पाहुण्यांना त्याचा अंदाज येत नव्हता. अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, हिलरॉड गावी बंदिस्त कोर्टवर तोच डेन्मार्क भारताला 3-2 असा भारी पडला. पूर्ण खरे सांगायचे तर फरक फक्त कोर्टचा नव्हता. डेन्मार्कचा आघाडीचा खेळाडू होल्गर रूना दिल्लीला आला नव्हता आणि हिलरॉडला खेळला. पण तोही घरच्या मैदानाचाच एक भाग आहे: मोठे खेळाडू आपल्या गावाजवळच्या लढतीला अधिक सहज उपलब्ध होतात. हिरवळ निवडली की विजय हमखास, असेही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये कोलकात्याच्या साउथ क्लबवर हिरवळ असूनही इटलीने आपल्याला 3-1 असे हरवले.

यजमान कोण, हे क्रमवारीवर ठरत असेल असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. मागच्या वेळी जो पाहुणा होता तो यावेळी यजमान, इतका साधा तो नियम आहे, आणि ही आठवण चार वर्षांनी पुसली जात नाही. भारत 2015 मध्ये न्यूझीलंडशी ख्राइस्टचर्चला जाऊन खेळला होता, म्हणून फेब्रुवारी 2017 मध्ये न्यूझीलंडला आपल्याकडे यावे लागले आणि पुण्याच्या बालेवाडीत ती लढत झाली. मी तीनही दिवस गॅलरीत होते. तेव्हा पाच सेटचे सामने आणि तीन दिवसांची लढत असे. भारताने ती 4-1 अशी जिंकली. दुसरे उदाहरण याहून लांबचे आहे. 1993 मध्ये लिअँडर पेस आणि रमेश कृष्णन यांच्या संघाने स्वित्झर्लंडला कोलकात्यात 3-2 असे हरवले होते. त्यानंतर दोन्ही देश समोरासमोर आले ते थेट 2025 मध्ये, आणि 32 वर्षांपूर्वीचे यजमानपद आपल्याकडे असल्यामुळे या वेळी बीलला जाणे आपल्या वाट्याला आले. ज्या नियमाने आपल्याला परक्या मैदानावर पाठवले, त्याचीच भरपाई क्रमवारी वाढीव गुणांनी करते. 1993 च्याच मोसमात भारताने फ्रेंच भूमीवर, फ्रेजूसला, फ्रान्सला हरवले होते. त्यानंतर युरोपीय देशाला त्याच्या घरी हरवण्याचा योग बीललाच आला. ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे कळायला एवढे पुरे.

आता दुसरे गणित, खेळाडूंच्या क्रमवारीचे. लढतीच्या आत कोण कोणाशी खेळणार, हे तिच्यावर ठरते. कर्णधार एकेरीसाठी दोन नावे देतो. त्यांतला वैयक्तिक क्रमवारीत वर असलेला पहिला क्रमांक आणि दुसरा तो दुसरा क्रमांक, यात कर्णधाराला उलटापालट करता येत नाही. पहिल्या दिवशी एका संघाचा पहिला दुसऱ्या संघाच्या दुसऱ्याशी खेळतो. दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी, मग दोन्ही पहिले समोरासमोर आणि गरज पडल्यास दोन्ही दुसरे. नियमाचा हेतू सरळ आहे: बलवान खेळाडूला मुद्दाम खाली लपवून हक्काचा एक सामना मिळवता येऊ नये. क्लबच्या स्पर्धांमध्ये मी हा प्रकार इतक्यांदा पाहिला आहे, की या नियमाची किंमत मला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण क्रमांक क्रम ठरवतो, निकाल ठरवत नाही. बीलला भारताचा दुसरा एकेरी खेळाडू दक्षिणेश्वर सुरेश होता, जागतिक क्रमवारीत सहाशेच्याही पुढचा. त्याच्यासमोर स्वित्झर्लंडचा पहिला खेळाडू जेरोम किम, पहिल्या दोनशेतला. कागदावर हा सामना स्वित्झर्लंडने जिंकल्यातच जमा होता. सुरेशने तो सरळ दोन सेटमध्ये जिंकला आणि लढतीचा तोल तिथेच झुकला. सुमित नागलने दोन्ही दिवशीचे आपले एकेरीचे सामने जिंकले. वैयक्तिक क्रमवारी 52 आठवड्यांच्या स्पर्धांवर ठरते. तरुण, परदेशी महाविद्यालयात खेळणारा किंवा दुखापतीतून परतणारा खेळाडू तिच्यात हमखास त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा खाली दिसतो. म्हणून देशाच्या क्रमवारीत खेळाडूंचे क्रमांक मिसळत नाहीत, हे मला योग्यच वाटते.

उलट दिशेने मात्र एकेकाळी जोड होती. 2009 ते 2015 या काळात डेव्हिस करंडकात खेळून खेळाडूला वैयक्तिक क्रमवारीचे गुण मिळत. 2016 पासून ते बंद झाले. मला हा निर्णय पटलेला नाही. ज्याला वर्षभर स्वतःचे गुण राखण्यासाठी गावोगाव फिरावे लागते, त्याने देशासाठी एक आठवडा द्यायचा, तोही अनेकदा वेगळ्या खंडात आणि वेगळ्या पृष्ठभागावर, आणि त्याच्या खात्यात काहीच जमा व्हायचे नाही. मग एखादा नकार देतो तेव्हा त्याच्या देशप्रेमावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. दोनशेच्या आसपास क्रमांक असलेल्या खेळाडूसाठी एक आठवडा म्हणजे मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतले स्थान असू शकते.

तुमच्या युनायटेड करंडकाच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे. 2023 च्या मोसमापासून सुरू झालेली ही पुरुष-महिलांची मिश्र सांघिक स्पर्धा 18 देशांची असते आणि तिथला प्रवेश देशांच्या क्रमवारीवर नव्हे, तर त्या देशाच्या आघाडीच्या पुरुष आणि महिला खेळाडूंच्या एकेरीतल्या क्रमांकांवर ठरतो. नेमके सूत्र मोसमागणिक थोडे बदलते, पण एकेरी हा पाया कायम आहे. रोहन बोपण्णा जानेवारी 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला आणि ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकला, पण या सूत्रात दुहेरीचा रकानाच नाही. ज्या देशाचे टेनिस गेली अनेक वर्षे दुहेरीवर उभे आहे, त्याला हे दार बंद राहणारच. अशा पद्धतीत देशाचे स्थान एका माणसावर किती टेकलेले असते तेही लक्षात घ्या. 2020 च्या पहिल्या एटीपी करंडकातून, म्हणजे पुरुषांच्या अशाच सांघिक स्पर्धेतून, रॉजर फेडररने माघार घेतली आणि त्याच्यामागोमाग स्वित्झर्लंडचा संघही स्पर्धेबाहेर गेला. डेव्हिस करंडकात एखादा खेळाडू आला नाही म्हणून देशाचे स्थान जात नाही. दुसरा कोणी तरी उतरतो, जसा बीलला सुरेश उतरला.

तिसरे गणित साखळी गटातल्या तक्त्याचे, आणि माझ्या टेबलावर सर्वाधिक भांडणे याचीच येतात. एप्रिल 2025 मध्ये महिलांच्या बिली जीन किंग करंडकाचा आशिया-ओशनिया पहिला गट पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला झाला. सहा देश, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीन सामने, आणि पहिले दोन देश पुढे. भारत पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून हरला आणि नंतरच्या चारही लढती जिंकून दुसऱ्या स्थानावर आला. श्रीवल्ली भामिदिपती एकेरीत पाचही सामने जिंकली, तर दुहेरीत आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. अशा गटात देशांची क्रमवारी फक्त सुरुवातीच्या मांडणीपुरती असते. चेंडू उडाला की सगळे तक्त्यावर.

तक्ता साधारणपणे असा वाचतात. आधी जिंकलेल्या लढती. दोन संघ समान असतील तर त्यांची आपसातली लढत. तीन किंवा अधिक संघ अडकले तर जिंकलेले सामने, मग सेटची टक्केवारी, मग गेमची टक्केवारी. नेमका क्रम त्या-त्या स्पर्धेच्या नियमांत दिलेला असतो आणि तो स्पर्धेगणिक बदलतो, म्हणून तो आधी वाचावा. सेट मोजायचे ते टक्केवारीने, संख्येने नाही, हे मात्र लोकांच्या पचनी पडत नाही. काही वर्षांपूर्वी कुमारांच्या एका सांघिक स्पर्धेत माझ्यासमोर असाच पेच आला. क ने ख ला, ख ने ग ला आणि ग ने क ला, सगळ्यांनी 2-1 असेच हरवले होते. प्रत्येकाची एक लढत जिंकलेली, सामने 3-3. सेट मोजले तेव्हा क चे 7 जिंकलेले आणि 6 हरलेले, ख चे 6 आणि 8, ग चे 8 आणि 7. ग च्या प्रशिक्षकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, आमचे सेट आठ, त्यांचे सात. पुढे आम्ही जायला हवे.” मी कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला. क चे 13 पैकी 7, म्हणजे 53.8 टक्के. ग चे 15 पैकी 8, म्हणजे 53.3 टक्के. क पुढे गेला. ग ने एक सेट जास्त जिंकला होता, पण हरलेही होते एक जास्त, कारण त्यांचे सामने तिसऱ्या सेटपर्यंत रेंगाळले होते. त्या मुलांचा हिरमुसलेपणा मला आजही आठवतो. पण नियम पहिल्या दिवशी फलकावर लावलेला होता, म्हणून त्यांच्या प्रशिक्षकांनी तिथेच सही केली आणि मुलांना घेऊन ते शांतपणे निघून गेले.

टक्केवारीचे एक दुखणे आहे आणि ते 2019 मध्ये माद्रिदला सगळ्या जगाने पाहिले. त्या वर्षी डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी प्रथमच 18 देशांची झाली: तीन-तीन देशांचे सहा गट, सहा गटविजेते आणि दोन सर्वोत्तम उपविजेते पुढे. कॅनडाने अमेरिकेविरुद्ध दोन्ही एकेरी जिंकून लढत खिशात टाकली होती आणि थकलेल्या खेळाडूंना विश्रांती देण्यासाठी दुहेरीचा सामना सोडून दिला. सोडलेला सामना 6-0, 6-0 असा धरला गेला. म्हणजे अमेरिकेच्या खात्यात दोन सेट आणि बारा गेम एकही चेंडू न मारता जमा झाले. उपविजेत्यांची तुलना सेट-गेमवर होणार असताना दुसऱ्या गटातल्या देशांना हे किती बोचले असेल याची कल्पना करता येते. कॅनडाने नियम मोडला नव्हता. पण वेगवेगळ्या गटांतल्या संघांची तुलना टक्केवारीवर करायची आणि निकाल लागून गेलेला सामना सोडायची मुभाही द्यायची, या दोन गोष्टी एका स्पर्धेत ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इथवरचे थोडक्यात एकत्र करते. देशांची क्रमवारी चार वर्षांतल्या जिंकलेल्या लढतींची, आणि तिचे काम ड्रॉमधले मानांकन. खेळाडूंची क्रमवारी 52 आठवड्यांची, तिचे काम लढतीच्या आतला क्रम, आणि युनायटेड करंडकासारख्या स्पर्धेत प्रवेशही. गटातला तक्ता त्या आठवड्यापुरता, त्याचे काम कोण पुढे जाणार हे ठरवणे.

आता तुमची आठ क्लबांची स्पर्धा. पहिल्या वर्षी क्रमवारी करूच नका. कोण बलवान हे आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येक आयोजकाला वाटते आणि तिथूनच रुसवेफुगवे सुरू होतात. सरळ चिठ्ठ्या टाका. चार-चारचे दोन गट करा, सगळ्या क्लबांच्या प्रतिनिधींसमोर ड्रॉ काढा आणि एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठ्या उचलून घ्या. दुसऱ्या वर्षापासून लढती जिंकल्याचे गुण मोजा. चार वर्षांची मुदत तुम्हाला लांब पडेल, कारण क्लबमधली मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईला जातात आणि संघ पुरता बदलतो. तीन वर्षे ठेवा: चालू वर्ष पूर्ण, मागचे दोनतृतीयांश, त्यामागचे एकतृतीयांश. वरच्या क्लबला हरवल्याचे थोडे जास्त गुण द्या. घरच्या-परक्या लढती ठेवणार असाल तर यजमानपद आलटून-पालटून द्या आणि परक्या कोर्टवर जिंकल्यास वाढीव गुण द्या. तुमच्या भागात काही क्लबांकडे मातीची कोर्ट आहेत आणि काहींकडे सिमेंटची, त्यामुळे हा नियम तुमच्याकडे डेव्हिस करंडकाइतकाच लागू पडेल.

एकेरीचा क्रम ठरवण्यासाठी तुमच्या बऱ्याच खेळाडूंना अधिकृत क्रमांक नसेल. अशा वेळी प्रत्येक क्लबने मोसमाच्या सुरुवातीला आपल्या खेळाडूंची ताकदीनुसार यादी लिहून द्यावी आणि ती मोसमभर बदलू नये. चुकीची यादी देऊन खेळाडू लपवला आहे असे दोन क्लबांनी लेखी कळवल्यास पंचांना यादी दुरुस्त करण्याचा अधिकार ठेवा. दोन गटांतल्या उपविजेत्यांची एकमेकांशी टक्केवारीवर तुलना करायची वेळच येऊ देऊ नका: दोन्ही गटांतले पहिले दोन क्लब उपांत्य फेरीत घ्या, म्हणजे प्रत्येक तुलना एकाच गटाच्या आत राहील. निकाल लागला असला तरी तिसरा सामना खेळायचाच असा नियम करा. वैद्यकीय कारणाखेरीज तो सोडल्यास सोडणाऱ्याच्या विरुद्ध 6-0, 6-0 धरा आणि क्लबच्या पुढच्या वर्षीच्या गुणांतून कपात करा. लढती, आपसातली लढत, सामने, सेटची टक्केवारी, गेमची टक्केवारी आणि तरीही सुटले नाही तर नाणे, असा क्रम एका कागदावर लिहा, आठही कर्णधारांच्या सह्या घ्या आणि पहिला चेंडू पडण्याआधी तो कागद प्रत्येक क्लबच्या फलकावर लावा.